सौरगाडी, शेवटचे वर्ष आणि आपला विद्यार्थी

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी बँकेतील लिपिक, शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. त्यामुळे मी सौरगाडीवर बोलणार हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु आपल्या वस्तीतील अभियांत्रिकीची मुले-मुली एक प्रश्न वारंवार विचारतात. कॉलेजात गाडी बांधणारे पथक आहे, शेवटचे वर्ष आहे. पथकात जावे की जाऊ नये? घरचे म्हणतात, "आधी पास हो, नोकरीला लाग. गाड्या बांधायला सारा जन्म पडला आहे." घरच्यांचे काही चुकत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी इंजिनिअर होत आहे, त्या घराला एका सेमिस्टरचा उशीरही परवडत नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर नुसते 'जा' किंवा 'जाऊ नको' असे देऊन भागणार नाही.

ही सौरगाडी म्हणजे काय, ते आधी पाहू. ऑस्ट्रेलियात १९८७ साली हान्स थोलस्ट्रप यांच्या पुढाकाराने सौरगाड्यांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. उत्तरेच्या डार्विन शहरापासून दक्षिणेच्या ॲडलेडपर्यंत सुमारे ३००० किलोमीटरचे हे अंतर. सकाळी ८ ते सायंकाळी ५ गाडी चालवायची आणि पाच वाजले की जेथे असू तेथेच रस्त्याकडेला तंबू ठोकायचा. पहिली स्पर्धा जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीच्या गाडीने जिंकली; तिचा सरासरी वेग ताशी सुमारे ६७ किलोमीटर होता. पुढे २००१ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'नुना' नावाची गाडी आणली आणि पहिल्याच प्रयत्नात अजिंक्यपद मिळवले. २००५ मध्ये त्यांच्याच तिसऱ्या गाडीने ताशी सुमारे १०३ किलोमीटरची सरासरी गाठली.

आता या गाडीच्या हाती वीज किती असते? भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट शक्ती पडते. सिलिकॉनचे सौरघट त्यातील साधारण चौथा हिस्सा विजेत बदलतात. २०१७ च्या स्पर्धेत मुख्य गटातील गाड्यांना सिलिकॉनचे घट फक्त ४ चौरस मीटर वापरण्याची मुभा होती. हिशेब केला तर हाती येतात सुमारे हजार वॅट, म्हणजे घरातील इस्त्रीला लागते तेवढी वीज! तेवढ्यावर माणसासह गाडी हमरस्त्यावर पळवायची. म्हणून वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो, वाऱ्याला अडणार नाही असा आकार द्यावा लागतो, बॅटरी कधी खर्चायची आणि कधी राखायची याचा निर्णय उद्याचे ढग पाहून घ्यावा लागतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर या सगळ्यांना येथे काम आहे. शिवाय देणगीदारांना पत्रे लिहिणारा आणि हिशेब ठेवणाराही लागतो, हे मी बँकवाला म्हणून आवर्जून सांगतो.

हे सारे करायचे ते नेमके कधी? तर ज्या वर्षात प्रोजेक्ट, सबमिशन, व्हायव्हा आणि कॅम्पस इंटरव्ह्यू एकाच वेळी दारात उभे असतात त्या वर्षात. यावर जगात दोन मार्ग दिसतात. डेल्फ्टच्या पथकातील विद्यार्थी साधारण एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवून पूर्णवेळ गाडीचे काम करतात. दुसरा मार्ग वर्ग सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी वर्कशॉप गाठण्याचा. बहुतेक पथके याच मार्गाने जातात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९० साली त्यांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली व त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात तिसरा क्रमांक मिळवला. आपल्या देशातही मणिपालसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी सौरगाड्या बांधल्या आहेत.

डेल्फ्टचे यश मोठे आहे, परंतु त्यामागे वर्षभर न कमावता आणि न शिकता राहता येईल अशी सोय आहे. आपल्याकडे शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर काही काळाने सुरू होतो हे खरे. पण व्याज त्याआधीच चढू लागते. एक वर्ष लांबले की एक वर्षाचे व्याज वाढते. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण वेळेवर व्हावे लागते. वडील निवृत्तीला आलेले असतात, धाकट्या बहिणीची फी असते. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने डेल्फ्टची जिद्द जरूर घ्यावी, त्यांचे वेळापत्रक मात्र घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. २०१९ च्या स्पर्धेत डेल्फ्टची गाडी शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना पेटली. चालक सुखरूप बाहेर आला, गाडी मात्र जळाली आणि बेल्जियमच्या विद्यार्थ्यांचा विजय झाला. २०२१ ची स्पर्धा तर कोरोनामुळे झालीच नाही. मित्रांनो, स्पर्धा आपल्या हाती नसते. हाती राहते ते शिकलेले काम आणि पदवी. म्हणून पदवी पणाला लावून कोणी पथकात उतरू नये.

याचा अर्थ पथकापासून दूर राहावे असा मुळीच नाही. मी चार व्यवहारी गोष्टी सुचवतो. पहिली, शेवटच्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्या वर्षीच पथकात जा. म्हणजे शेवटच्या वर्षी हाताने करण्यापेक्षा धाकट्यांना शिकवण्याचे काम अधिक राहील. दुसरी, गाडीचाच एखादा भाग, बॅटरीची देखरेख, मोटरचे नियंत्रण किंवा ब्रेक, आपला अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून घ्या आणि मार्गदर्शक प्राध्यापकांची संमती आरंभीच मिळवा. एकाच कष्टाची दोन फळे मिळतील. तिसरी, परीक्षेच्या काळात वर्कशॉप बंद राहील हे पथकाने वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठरवावे. ऐन वेळी संकोचाने कोणी 'नाही' म्हणू शकत नाही. चौथी, सामान आणण्या-नेण्याचे काम करा, पण तेवढ्यावर थांबू नका. इंग्रजी अडखळते म्हणून किंवा वर्गणी उशिरा भरली म्हणून मागच्या रांगेत उभे राहू नका. गणिताचे, आराखड्याचे काम मागून घ्या आणि केलेले सर्व वहीत नोंदवा.

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला केलेला उपदेश आपणास ठाऊक आहे. सोण चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करीत होता आणि निराश झाला होता. तो पूर्वी वीणा वाजवी. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचीच आठवण दिली. तार फार ताणली तर नीट वाजत नाही, सैल सोडली तरीही नाही. रात्र रात्र वर्कशॉपमध्ये जागून सकाळच्या पेपरला डुलक्या घेणे ही ताणलेली तार आहे, आणि पुस्तकाबाहेर पाहायचेच नाही ही सैल तार आहे.

बाबासाहेबांनी तर दोन अभ्यास एकाच वेळी पेलले. १९१६ साली लंडनला गेल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा केला. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा कमी पडला होता. हे दुःख स्वतः भोगलेल्या बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या मागितल्या.

म्हणून माझे शेवटचे बोलणे विद्यार्थ्यांशी नसून संस्थेच्या सभासदांशी आहे. तोल सांभाळ असे मुलाला सांगणे सोपे आहे. त्याच्या पायाखालची फळी रुंद करणे हे आपले काम. विहारातील अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवू. आपल्यातील नोकरदार इंजिनिअरांनी महिन्यातून एक रविवार या मुलांसाठी द्यावा. दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांची, त्यांत एक मुलगी असावी, पथकाची वर्गणी व प्रवासखर्च संस्थेने उचलावा. मुलीला वर्कशॉपमधून यायला रात्र झाली तर शेजाऱ्यांनी बोटे दाखवण्याऐवजी तिला आणायला जावे.

सूर्य सर्वांच्या अंगणात सारखाच पडतो. त्याची वीज करण्याचे ज्ञान आपल्याही घरात आले पाहिजे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!