गरोदरपणातील अपघात आणि न दिसणारा रक्तस्राव
(उम्म सलाल मोहम्मद येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)





1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. त्याच मातेच्या जिवाचा प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडत आहे.

काही वर्षांपूर्वी येथून दोह्याकडे जाताना एका भगिनीच्या मोटारीला मागून धक्का बसला. सातवा महिना होता. रक्त दिसले नाही, म्हणून पती कामावरून येईपर्यंत ती घरीच थांबली. सायंकाळी पोट दगडासारखे घट्ट झाले. आई वाचली, बाळ वाचले नाही. वार गर्भाशयापासून सुटली होती आणि रक्त आतल्या आत साचत होते.

गरोदरपणात शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते. त्यामुळे बरेच रक्त गेले तरी नाडी व रक्तदाब काही काळ ठीक भासतात. मात्र शरीर गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी करून आईला सावरत असते. बाळ आधीच संकटात सापडलेले असते.

म्हणून पोटाला मार लागल्यास, दुखत नसले तरी, विनाविलंब रुग्णालय गाठावे. दिवस भरत आलेले असोत वा पाचवा महिना उलटलेला असो, बाळाच्या ठोक्यांवर निदान चार तास यंत्राने लक्ष ठेवावे लागते. रक्तस्राव, सततची वेदना, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा भोवळ येणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ 999 क्रमांक फिरवावा. बाळंतपणासाठी महाराष्ट्रात जाणाऱ्या भगिनींनी तेथील 108 क्रमांक ध्यानात ठेवावा.

मदत येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर निजवावे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. मान वा पाठ दुखावल्याची शंका असल्यास मात्र तिला हलवू नये. खाण्यापिण्यास काही देऊ नये. रक्तगट निगेटिव्ह असल्यास डॉक्टरांना सांगावे. अँटी-डी इंजेक्शन 72 तासांच्या आत द्यावे लागते. आईसाठी आवश्यक असलेली क्ष-किरण तपासणी बाळाच्या भीतीने नाकारू नये. आईवरील उपचार हाच बाळावरील पहिला उपचार होय.

मोटारीत पट्टा अवश्य बांधावा; खालचा पोटाखालून, मांड्यांच्या वर, आणि तिरपा दोन्ही स्तनांमधून पोटाच्या कडेने.

शेवटी एक कटू गोष्ट. मार घरातच बसला असेल, तर भगिनींनी तो डॉक्टरांपासून लपवू नये. बंधूंनो, त्याची लाज तिला नव्हे, आपल्याला वाटली पाहिजे.

जयभीम.