बेघरांपर्यंत सेवा : शिबिराचा दिवस आणि त्यानंतर

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाच्या बहुतेक कल्याणकारी योजनांचा प्रारंभ एका अर्जाने होतो आणि त्या अर्जावर नावाखालीच पत्त्याची ओळ असते. ज्याला घर आहे, त्याला ती ओळ भरताना क्षणभरही विचार करावा लागत नाही. ज्याला घर नाही, त्याचा अर्ज मात्र तेथेच थांबतो. बेघर माणसापर्यंत सेवा का पोहोचत नाहीत, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका ओळीत सापडते.

रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणाऱ्यांना जनगणनेत बेघर मानले जाते. २०११ च्या जनगणनेच्या वेळी २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणकांनी अशा ठिकाणी जाऊन त्यांची मोजणी केली. देशात ही संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. उत्तर प्रदेशाखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक लागला व येथे २ लाख १० हजारांहून अधिक बेघरांची नोंद झाली. देशातील एकूण बेघरांपैकी सुमारे ८ लाख ३५ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे, ग्रामीण भागातील होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. हा प्रश्न केवळ महानगरपालिकांचा नव्हे. एस.टी. स्थानकावर, बाजारतळावर, देवळाच्या ओवरीत रात्र काढणारी माणसे ग्रामपंचायतींनाही अपरिचित नाहीत.

कागदांची साखळी

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून चालू आहे. निराधार व्यक्तीस दरमहा अर्थसाहाय्य देणारी ही योजना. तिच्यासाठी वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि राज्यात किमान पंधरा वर्षे रहिवास असल्याचा पुरावा लागतो. पंधरा वर्षे एकाच पुलाखाली काढलेल्या वृद्धेने हा पुरावा कोठून आणावा? शिधापत्रिकेसाठी पत्ता हवा, बँकेतील खात्यासाठी ओळखपत्र हवे आणि अनुदान जमा होण्यासाठी खाते हवे. प्रत्येक कार्यालयाची मागणी आपापल्या जागी रास्त असते. परंतु या सर्व मागण्यांची साखळी गळ्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाची मजुरी प्रत्येक खेपेला बुडते. दोन-तीन खेपांनंतर तो येणेच सोडून देतो. यास्तव सर्व कार्यालयांनी एका दिवशी एका ठिकाणी एकत्र यावे, ही कल्पना पुढे आली.

अन्यत्र झालेले प्रयत्न

अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी १९८८ साली व्हिएतनाम युद्धातील काही माजी सैनिकांनी आपल्या बेघर सहकाऱ्यांसाठी असे शिबिर भरविले. लढणाऱ्या तुकडीला आघाडीवरून मागे घेऊन विश्रांती देण्यासाठी सैन्यात जो शब्द वापरतात, तोच त्यांनी शिबिराला दिला : ‘स्टँड डाउन’. भोजन, स्नान, कपडे, वैद्यकीय तपासणी आणि शासकीय कार्यालयांची टेबले एकाच मैदानावर मांडण्यात आली. किरकोळ गुन्ह्यांचे न भरलेले दंड आणि त्यापायी निघालेली वॉरंटे ही कित्येकांच्या नोकरीच्या आड येत होती. म्हणून १९८९ मध्ये न्यायालयाचे कामकाजही शिबिरातच चालविण्यात आले.

सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर २००४ मध्ये, गॅव्हिन न्यूसम महापौर असताना, हाच मार्ग अनुसरला. तेथील ‘प्रोजेक्ट होमलेस कनेक्ट’ या उपक्रमात दंतचिकित्सा, चष्मे, ओळखपत्रे, कायदेविषयक सल्ला, चाकांच्या खुर्च्यांची दुरुस्ती अशा सेवा एका छताखाली आल्या. येणाऱ्या माणसाला टेबलाटेबलापर्यंत सोबत करण्याचे काम स्वयंसेवकांनी केले. पुढे अमेरिकेतील अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले.

तथापि, या प्रयोगाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. वीस वर्षांच्या प्रयत्नांनंतर, २०२४ च्या आरंभी झालेल्या गणनेत, त्याच सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ८ हजार ३०० हून अधिक बेघर आढळले. घरे महाग असतील आणि निवारे अपुरे असतील, तर शिबिरातून चष्मा घेऊन निघालेला माणूस रात्री पुन्हा पदपथावरच निजतो. शिबिर हे दार आहे. दारामागे घर उभे करण्याचे काम वेगळेच राहते.

आपल्याकडील तरतुदी

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर व्यक्तींसाठी कायमस्वरूपी निवारा असावा, असा निकष ठरविण्यात आला. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. म्हणजे निवारा हा पत्ताही ठरू शकतो.

मतदार नोंदणीची पद्धत तर विशेष अनुकरणीय आहे. बेघर व्यक्तीने अर्जात दिलेल्या ठिकाणी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन, एकाहून अधिक रात्री पाहणी करून, ती व्यक्ती तेथे झोपते याची खात्री करावी आणि खात्री झाल्यास रहिवासाचा कागदी पुरावा मागू नये, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. येथे पुराव्याचा भार नागरिकाच्या खांद्यावरून उतरवून शासनाने स्वतः उचलला आहे.

शिबिर कसे असावे

शिबिराची तयारी रात्री होते. बेघर माणसे कोठे निजतात, हे दिवसा कळत नाही. शिवाय शासकीय वाहन दिसताच ही माणसे दूर होतात, त्यालाही कारण आहे. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली पकडले जाण्याची धास्ती अनेकांच्या मनात आहे. दिल्लीपुरत्या या कायद्याच्या शिक्षाविषयक तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केल्या. पण धास्ती सर्वत्र आहे. म्हणून ओळखीच्या माणसांनी अगोदर दोन-तीन रात्री फिरून, शिबिरात कोणालाही धरले जाणार नाही, हे सांगितले पाहिजे. सामान सांभाळण्याची आणि मुलांना बसविण्याची सोयही हवी. गाठोडे चोरीस जाईल या भीतीने पुष्कळजण रांगेत उभे राहत नाहीत.

शिबिराच्या दिवशी निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस टेबलावर असावा. केवळ अर्ज स्वीकारून पोच देणारे टेबल म्हणजे पुन्हा एक खेप होय.

खरी कसोटी त्यानंतर लागते. क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सुमारे सहा महिने चालतात. शिबिरात रोगनिदान झालेला रुग्ण दुसऱ्या महिन्यात दिसेनासा झाला, तर त्या निदानाचा उपयोग काय? यास्तव प्रत्येक व्यक्तीमागे एका कार्यकर्त्याचे नाव लिहून ठेवावे. शिबिराचा अहवालही किती लोक आले यावर न संपता, तीन महिन्यांनी किती जणांच्या हाती शिधापत्रिका, खाते व अनुदान पडले, हे सांगणारा असावा.

शिक्षक आणि पंचायत सदस्य

शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. पदपथावरील किंवा पालावरील मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ज्या दिवशी चढते, त्या दिवशी त्या मुलाच्या आयुष्यातील पहिला सरकारी कागद जन्माला येतो. पुढे शाळा सोडल्याचा दाखला त्याला जन्मभर उपयोगी पडतो. शिक्षकाने त्या नोंदीत केलेली काळजी म्हणजे एका पिढीची सुटका आहे.

पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीत उघड्यावर राहणाऱ्यांची यादी स्वतः पाहून करावी व ती ग्रामसभेपुढे ठेवावी. गावाने ओळखलेला माणूस कार्यालयालाही ओळखावा लागतो.

बेघर माणूस मागतो ते दान नव्हे. कायद्याने जे त्याचे आहे, तेच त्याला मिळवावयाचे आहे. शिबिराचा मंडप संध्याकाळी उतरतो. यादीतील शेवटच्या नावापुढे पत्ता लिहिला जाईपर्यंत ती यादी मात्र टेबलावर राहिली पाहिजे.