अप्टन सिंक्लेअर : एक कादंबरी आणि एक कायदा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कादंबरी म्हणजे दुपारच्या निद्रेपूर्वीची करमणूक, असा समज आपल्या पुष्कळ कुटुंबांत अजून आहे. म्हणूनच अप्टन सिंक्लेअर या अमेरिकन कादंबरीकाराची हकीकत आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

सिंक्लेअर यांचा जन्म १८७८ साली बाल्टिमोर येथे झाला. वडील दारूचे विक्रेते, आणि दुर्दैवाने स्वतःच तिच्या आहारी गेलेले. आईकडील नातलग मात्र सधन. एके दिवशी ढेकणांची भाड्याची खोली, तर दुसऱ्या दिवशी नातलगांच्या घरचा थाट, असे त्यांचे बालपण गेले. श्रीमंती व दारिद्र्य एकाच जगात का नांदतात, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१९०४ साली ते शिकागोच्या मांस-कारखान्यांच्या वस्तीत जाऊन सात आठवडे राहिले. अंगावर जुने कपडे, हातात मजुरासारखा जेवणाचा डबा. कोणी अडविले नाही. तेथे जे पाहिले त्यातून 'द जंगल' ही कादंबरी सिद्ध झाली. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर ती १९०६ साली ग्रंथरूपाने निघाली. तिचा नायक युर्गिस हा लिथुआनियातून आलेला धट्टाकट्टा मजूर. घर, पत्नी, मूल एकामागून एक गमावून तो कसा खचत जातो, हा तिचा विषय.

परंतु वाचकांच्या मनात काय राहिले? कुजलेले मांस, उंदीर, आणि तेच डब्यांत भरून आपल्या ताटात येते ही शिसारी. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशी करविली आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा व शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. तपासणीचा खर्चही कारखानदारांवर न पडता सरकारी तिजोरीवर पडला. युर्गिसच्या मजुरीत मात्र त्या कायद्यांनी एका सेंटचीही भर पडली नाही. लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, पण बाण पोटात लागला, अशा आशयाची खंत सिंक्लेअर यांनीच पुढे बोलून दाखविली.

मांस न खाणाऱ्या आमच्या भगिनींनी नाक मुरडू नये. दुधात पाणी आढळले की आपण केवढा गहजब करतो! पण ते दूध पहाटे दारी आणणारा पोरगा शाळेत जातो की नाही, हे आपल्यापैकी किती घरांनी विचारले आहे? आम्हीही विचारलेले नाही, हे येथे कबूल करतो.

सिंक्लेअर लेखनावरच थांबले नाहीत. कादंबरीच्या प्राप्तीतून त्यांनी न्यू जर्सीत सहकारी निवास काढला. तो १९०७ साली आगीत भस्मसात झाला. महामंदीच्या काळात, १९३४ साली, ते कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. बंद कारखाने व पडीक जमिनी बेकारांच्या हाती देऊन त्यांच्या श्रमातून दारिद्र्य संपवावे, ही त्यांची योजना. चित्रपट-कंपन्यांनी बनावट वार्तापटही दाखविले. साडेआठ लाखांहून अधिक मते मिळूनही ते पराभूत झाले. निवडणुकीत कादंबरीकाराने पडावे याचे आम्हांस नवल वाटत नाही. इतकी मते पडली याचे मात्र वाटते.

१९४३ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक लाभले. डिसेंबर १९६७ मध्ये मांसतपासणीचा नवा कायदा झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या स्वाक्षरीच्या समारंभास ८९ वर्षांचे सिंक्लेअर उपस्थित होते. पुढल्याच वर्षी ते निवर्तले.