सातबाऱ्यावरचा पोटखराबा



घरात सातबाऱ्याचा उतारा असेल, तर तो एकदा काढून बघा. त्यात एक नोंद असते, पोटखराब्याची. जमिनीचा जो भाग लागवडीला चालत नाही, तो पोटखराबा. आमच्या कोकणात या नोंदीत पुष्कळदा सडा जाऊन बसतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. मग खराबा म्हणणाऱ्याचं काय चुकलं?

चुकलं एवढंच, की तो मे महिन्यात आला. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या, की याच कातळाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. पश्चिम किनाऱ्याचा हा पट्टा सोडला, तर ही वनस्पती जगात कुठे उगवत नाही. श्रावण-भाद्रपदात गेंदाची पांढरी बोंडं डोलतात, सीतेच्या आसवांनी कातळ निळा-जांभळा होतो. नाव इतकं हळवं, पण हे झाड कीटक खातं! सड्यावरची माती बोटभर, तिच्यात नत्र जवळजवळ नाही. म्हणून ओल्या मातीतल्या आपल्या बारीक पिशव्यांत ते सूक्ष्म जीव ओढून घेतं आणि पोटाची सोय करतं.

जैवविविधता म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे वाघ आणि घनदाट जंगल येतं. पण हा शब्द त्याहून मोठा आहे. भात एकच, पण त्यात वालय, पटणी, मुणगा अशा जाती आहेत, ही एक विविधता. दीपकाडी, टिटवी, सरडा, बेडूक असे निरनिराळे जीव, ही दुसरी. आणि सडा, खाडी, देवराई अशी त्यांची वेगवेगळी घरं, ही तिसरी. या तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

किती गुंतलेल्या, ते साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसलं. तिथे पवनचक्क्या आहेत. अभ्यासकांनी पाहिलं, की पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झालेत. शत्रू हटला म्हणून तिथल्या रंगीत गळ्याच्या सरड्यांची संख्या जवळजवळ तिपटीने वाढलेली. वरवर पाहता सरड्यांची चंगळच! पण खाणारी तोंडं वाढली. सरडे अंगाने रोडावले, नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला आणि माणूस जवळ आला तरी ते पूर्वीसारखे पळेनात. हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. सरड्यांना कोणी हातही लावला नव्हता. घारी-ससाणे तेवढे दूर गेले होते.

आता कोणी विचारील, सरड्याच्या गळ्याचा रंग उडाला तर आमचं काय गेलं? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर सड्याच्या पायथ्याच्या वाडीत मिळतं. जांभा सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी तो पोटात मुरवतो, सावकाश खाली सोडतो, आणि तेच पाणी झऱ्यांना आणि विहिरींना येतं. वरच्या गवतावर गुरं चरतात. म्हणजे ज्या जमिनीला आपण खराबा म्हणतो, तिच्यावर खालची वाडी पाणी पिते. तिथे चिरेखाण काढली, किंवा सुरुंग लावून, भर घालून बाग उठवली, तर चिरे मिळतील, आंबेही मिळतील. पण लाखो वर्षांत तयार झालेला तो कातळ पुन्हा घालता येत नाही, आणि दीपकाडीला जायला दुसरं गाव नाही.

खाण नको, बाग नको, असं माझं म्हणणं नाही. घर बांधायला चिरा लागतोच. पण मोडण्याआधी तिथे काय आहे, हे तरी ठाऊक असावं. 2002 च्या जैवविविधता कायद्याने त्याची वाट करून दिली आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावकऱ्यांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. ही वही तलाठ्याची नव्हे, आपली.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ती वही मागा. सातबाऱ्यावर ज्या गट नंबरापुढे पोटखराबा लिहिलंय, त्याच गट नंबरापुढे या वहीत दीपकाडी लिहा, टिटवीचं घरटं लिहा. आणि खालच्या वाडीतल्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं, तेही लिहा.