हातातील संगणक आणि पहिली चूक


बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी घडविलेला ‘सिम्प्युटर’ २००१ मध्ये जगापुढे आला. हातात मावणारा हा संगणक लिनक्सवर चालत असे. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा होता; टेबलावरील संगणकांचा बहुधा एक्स-८६ जातीचा. म्हणूनच एकासाठी कंपाइल केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. तो मूळ लिखाणापासून पुन्हा कंपाइल करावा लागतो.

त्या वेळी पडद्यावर चुकांची रांगच उमटते. यंत्र बिघडले असे समजून धीर सोडू नये. शेवटची नव्हे, पहिली चूक वाचावी. पुढील अनेक चुका तिच्यातूनच उद्भवतात. बहुधा एखादी लायब्ररी नसते. ती त्याच प्रोसेसरसाठी बसवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. ही विद्या महानगरांपुरती नाही. चिकाटी असेल तर ती चाकूरलाही साध्य आहे.