‘परवा’ म्हणजे नेमकं कधी?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणावर बोला, असा निरोप आला तेव्हा मनात आलं, उत्सवात हा रुक्ष विषय कोण ऐकणार? पण माझा या कामातला पहिला धडा गौरी-गणपतीतलाच आहे. तोच आधी सांगतो.

गोष्ट 1998 सालची. मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या कॉलेजच्या मोफत कायदा मदतकेंद्रात साहुकारपेठेतून एक बाई आल्या. मूळच्या खानापूर तालुक्यातल्या. नवरा गलाईच्या दुकानात कामाला. सांगली-सातारकडची आपली किती माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चोरीचं सोनं वितळवल्याच्या संशयावरून पोलिसांनी नवऱ्याला नेलं होतं. बाईंना तमिळ येत नव्हतं, वकीलसाहेबांना मराठी. दुभाषा म्हणून मला बसवलं.

“कधी नेलं?” मी विचारलं.

“परवा नेलं बघा,” त्या म्हणाल्या.

मी इंग्रजीत सांगितलं, दोन दिवसांपूर्वी. अर्जात तीच तारीख गेली, प्रतिज्ञापत्रावर बाईंचा अंगठा उमटला. पोलिसांच्या कागदावरही तीच तारीख होती. मला वाटलं, काम चोख झालं.

महिनाभराने जामिनावर सुटलेला नवरा आभार मानायला आला. बोलता बोलता म्हणाला, “गौरी जेवणादिवशी नेलं, ताट तसंच राहिलं.” मी बोटांवर दिवस मोजले. बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्याला नेऊन पाच दिवस झाले होते! गावाकडे ‘परवा’ म्हणजे ‘मागं चार दिवसांत कधीतरी’ हे घरात लहानपणापासून ऐकूनही मला त्या क्षणी सुचलं नाही.

राज्यघटनेच्या 22 व्या कलमानुसार अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. मधल्या तीन दिवसांचा जाब विचारता आला असता. पण आमच्याच प्रतिज्ञापत्राने ते दिवस पुसून टाकले होते. वकीलसाहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी आधी पंचांग विचार.”

आज मी एका वस्तीतल्या कायदा सेवा केंद्रात विद्यार्थ्यांना शिकवतो, ते याच वाक्यावर. अभिरूप न्यायालयात वाद घालायला कॉलेज शिकवतं. पण तिथला पक्षकार कागदावरचा असतो, तो रडत नाही, विसरत नाही, घाबरून अर्धंच सांगत नाही. म्हणून विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मध्येच कायद्याच्या प्रत्यक्ष शिक्षणाला आणि कॉलेजांतल्या अशा केंद्रांना चालना देण्याची जबाबदारी राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकली आहे.

आमची रीत साधी आहे. विद्यार्थी दोघे बसतात. एक विचारतो, एक लिहितो. पहिली दहा मिनिटं लिहिणाराही पेन खाली ठेवतो, माणसाला बोलू देतो. मग तारखा. कोणता वार होता? त्या दिवशी घरात काय होतं? पगार झाला होता का? सण होता का? शेवटी लिहिलेलं सगळं त्या माणसाच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि तो “बरोबर” म्हणाल्यावरच सही घ्यायची. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. विद्यार्थ्याने सल्ला स्वतःच्या अधिकारात द्यायचा नाही, कोर्टात वकिलीही करायची नाही. ती जबाबदारी सनदधारक वकिलाची.

आता तुमच्या कामाचं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि कोठडीतला माणूस यांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटकेची कारणं माणसाला समजणाऱ्या भाषेत, लेखी द्यायला हवीत. म्हणजे इथल्या आपल्या कारागिराला ती मराठीत मागता येतील. पण ती मागायची असतात, हे त्याला कुणी सांगायचं?

इथेच मंडळाकडे माझं मागणं आहे. आपली इथे वाढलेली मुलं घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ सारख्याच सहजतेने बोलतात. त्यांना ते विशेष वाटत नाही. मला मात्र त्या दिवशी तेच पुरेसं आलं असतं, तर एका माणसाचे तीन दिवस हरवले नसते. जी मुलं कायदा शिकत आहेत त्यांनी महिन्यातला एक शनिवार जवळच्या अशा केंद्रात बसावं. बाकीच्यांनी दुभाषा म्हणून मंडळाकडे नाव द्यावं. फक्त शब्द पोचवून थांबू नका. तारीखही विचारा.

त्या दाम्पत्याच्या घरी पुढे बरीच वर्षं मला गौरी जेवणाचं आमंत्रण असायचं. त्यांनी माझी चूक कधी काढली नाही. मी मात्र प्रत्येक वेळी त्या ताटाकडे पाहून दिवस मोजत असे.

गणपती बाप्पा मोरया!