जामचा चौरस्ता आणि प्लॅटिनमवरचं पार्किंग

आजचा भाग माझ्या गावातून, जामवरून. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा 44 नंबरचा हायवे इथून जातो, आणि इथेच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. त्यामुळे रात्रंदिवस ट्रक. मागे हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

गोष्ट घरचीच आहे. थंडीचे दिवस होते. बाबा रोज सकाळी शटर बंद ठेवूनच कार सुरू करायचे. "इंजिन गरम होऊ दे, बाहेर गारठा आहे." गॅरेजला लागून स्वयंपाकघर. आईचं डोकं जड व्हायचं, मळमळायचं. आम्ही म्हणायचो, पित्त असेल. मग आईनंच ओळखलं. म्हणाली, "रविवारी गाडी निघत नाही, तर रविवारी मला काहीच होत नाही!"

बाबा मानेनात. "अरे, गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, पीयूसी आहे. धूर साफच आहे ना!"

बाबांचं म्हणणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं समजायला आपल्याला धातूच्या पृष्ठभागावर जावं लागेल.

कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचे अगदी बारीक कण. धुरातले वायूचे रेणू या धातूवर येऊन चिकटतात. आत मुरत नाहीत, फक्त वरच्या थरावर बसतात. याला म्हणतात अधिशोषण.

आता ढाब्यासमोरचं पार्किंग डोळ्यापुढे आणा. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू म्हणजे एकटा ट्रक, एक जागा मिळाली की झालं. तो कार्बनचं टोक खाली आणि ऑक्सिजन वर, असा उभा राहतो. आणि कसाही नाही हं! प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागावर गर्दी वाढली की हे रेणू ठरावीक नक्षीत बसतात. काही थेट एका अणूच्या डोक्यावर, काही दोन अणूंच्या मध्ये.

ऑक्सिजनचं मात्र वेगळं. त्याचा रेणू बसताना तुटतो, दोन अणू होतात. म्हणून त्याला शेजारी-शेजारी मोकळ्या जागा लागतात. त्या मिळाल्या की ऑक्सिजनचा अणू बाजूच्या कार्बन मोनॉक्साइडला जोडला जातो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि उडून जातो. जागा पुन्हा रिकामी.

मग अडचण कुठे? थंडीत! प्लॅटिनम गार असताना कार्बन मोनॉक्साइड घट्ट बसतो, उठतच नाही. सगळं पार्किंग भरलेलं. ऑक्सिजन येतो आणि जागा नाही म्हणून परत जातो. साधारण 200 ते 300 अंश तापमान झालं की रेणू सुटायला लागतात, जागा होते आणि काम सुरू होतं. वरून थंड इंजिनात पेट्रोलचं मिश्रण दाट असतं, म्हणजे विषारी वायू आणखी जास्त. पीयूसीच्या वेळी मात्र गाडी चालून गरम झालेली असते!

ही जागेची भांडणं अमेरिकेतल्या अर्व्हिंग लँगम्यूर यांनी 1922 मध्येच मांडली होती. पुढे जर्मनीच्या गेरहार्ड एर्टल यांनी अशा पृष्ठभागांवर काय चालतं ते बारकाईनं उलगडलं. त्यांना 2007 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि आईचं काय होत होतं? तेच! रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. कार्बन मोनॉक्साइड तिथेही कार्बनच्याच टोकानं बसतो, ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट. प्लॅटिनमवर जे भांडण, तेच रक्तात. फरक एवढाच, की रक्त 300 अंशांवर तापवता येत नाही. या वायूला स्वतःचा वास नाही, रंग नाही.

म्हणून एवढंच करा. गाडी सुरू करायच्या आधी शटर पूर्ण उघडा, सुरू केली की लगेच बाहेर काढा. गरम झाल्यावरही बंद जागेत चालू ठेवू नका. आणि कोणी म्हणालं, "कन्व्हर्टर काढून टाका भाऊ, गाडी मोकळी पळते," तर ऐकू नका.

बाबा आता गाडी अंगणात सुरू करतात. कुरकुरतात, पण करतात. आईचं सकाळचं पित्त त्या दिवसापासून गेलं.

हा भाग घरी ऐकवा, खासकरून ज्यांचं शटर बंद असतं त्यांना. भेटू पुढच्या भागात!